खुब्यातला ब्लॉक

मी ब्लॉक घेतला ही बातमी खरी आहे. फक्त तो राहायचा ब्लॉक नव्हता, आणि आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी सगळीकडे सांगितलं तसा हृदयातलाही नव्हता. तो उजव्या खुब्यातला होता. एवढं स्पष्ट सांगितल्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण 'ब्लॉक' हा शब्द लोकांनी इतक्या कामांना वापरून ठेवलाय की खरं बोलणाऱ्या माणसाची पंचाईत होते.

खुबा म्हणजे कंबर नव्हे, हेसुद्धा आधी सांगून टाकतो. मांडीचं हाड जिथे धडाला अडकवलेलं असतं तो सांधा म्हणजे खुबा. तो झिजला की दुखणं जांघेत सुरू होतं आणि मांडीवरून थेट गुडघ्यापर्यंत उतरतं. मग माणसाला कळतं की पायमोजा घालणं हे केवढं दूरचं काम आहे. माझ्या उजव्या पायाच्या बोटांची आणि माझी कित्येक महिने गाठभेट नव्हती. पायमोजा बायको चढवायची, आणि चढवताना एका शब्दानेही टोमणा मारायची नाही. ते जास्त लागायचं.

त्याहून लागायचं ते वडिलांचं. बाबा ऐंशी ओलांडलेले, पण पाय असे की जिना चढताना खालच्या पायरीला कळत नाही ते कधी गेले. मी कठड्याला धरून एकेक पायरी मोजत असलो की मागून येऊन माझ्या हातातली भाजीची पिशवी काढून घ्यायचे आणि "दे इकडे" म्हणून पुढे निघून जायचे. समोरून येणाऱ्याला वाटायचं, हा माणूस म्हाताऱ्या वडिलांना ओझं उचलायला लावतो. आणि त्याचं चुकत नव्हतं.

बाबांचं दुखणं डोळ्यांचं होतं. नजरेच्या मधोमध काळपट डाग आला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. "मला तुझे कान दिसतात," ते एकदा मला म्हणाले होते, "तू दिसत नाहीस." हे त्यांनी तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगितलं होतं.

अशा आमच्या घरी नगरपालिकेचा इंजिनिअर येऊन बसला आणि सगळं सुरू झालं.

बाजार चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली द्यायचं काम बाबांनी नोकरीभर केलं होतं. आता तिथे विजेची मोटर बसणार होती. त्याआधी हाताने शेवटची किल्ली द्यायचा छोटासा कार्यक्रम होता, आणि ती बाबांनी द्यावी अशी नगरपालिकेची इच्छा होती.

"फक्त एक आहे," इंजिनिअर म्हणाला, "जिना गोल आहे, अरुंद आहे, धरायला नुसता दोर आहे. यांच्याबरोबर घरचं कुणीतरी धडधाकट माणूस लागेल."

"हा येईल," बाबांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानांकडे, बोट दाखवलं.

त्या वेळी मी खुर्चीतून उठायच्या प्रयत्नात होतो. अर्धा उठलो होतो आणि उरलेला अर्धा अजून यायचा होता. इंजिनिअरने ते पाहिलं आणि सभ्यपणे छताकडे बघितलं.

"भाऊजी, तुम्ही राहू द्या," माझा मेहुणा म्हणाला. हा बायकोचा धाकटा भाऊ. रोज सकाळी व्यायामशाळेत जातो आणि उरलेला दिवस त्याबद्दल सांगतो. "मी नेतो बाबांना. एका दमात वर."

"तू नको," बाबा म्हणाले. "तू बोलतोस फार. वर यंत्राचं ऐकावं लागतं."

"बाबा, पण यांचा पाय," बायको म्हणाली.

"अजून महिना आहे. पाय नीट करून घे," बाबांनी मला सांगितलं आणि ते फिरायला निघून गेले. लहानपणी मला सायकलचं पंक्चर काढून आण म्हणून सांगायचे, त्याच आवाजात.

महिन्याभरात पाय नीट करायचा म्हटल्यावर आधी सल्ला घ्यावा लागतो, आणि सल्ला घ्यायला आमच्या इमारतीत कुणी कुठे जात नाही. तो आपणहून येतो. तळमजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून इमारतीचं आरोग्यखातं सांभाळतात. त्यांनी मला उलटं चालायला सांगितलं. पुढे चालून सांधा झिजला, तर मागे चालून तो भरून येईल, असा त्यांचा हिशेब. पटण्यासारखा नव्हता, पण दुखणाऱ्या माणसाची बुद्धी खुब्यातच उतरलेली असते. मी सकाळी अंगणात उलटा चालू लागलो. काका बाकावर बसून "डावीकडे, आता उजवीकडे" असं सांगत होते. त्यांची डावी आणि माझी डावी वेगवेगळी आहे हे आम्हा दोघांच्या लक्षात आलं तोवर मी सायकलींच्या रांगेत पाठमोरा शिरलो होतो. एक पडली, तिने दुसरीला पाडलं, आणि शेवटची सायकल पडेपर्यंत सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकाकडे बघावं तसं पाहिलं.

"सांधा बदलावा लागेल," ते म्हणाले. "पण नंबर लागायला काही महिने जातील."

मी त्यांना घड्याळाचं सांगितलं. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी खाली सही करता करता पेन थांबवलं. "मग तोवर दुखणं तरी अडवू. आमच्या भूल देणाऱ्या डॉक्टर बाई आहेत, त्या ब्लॉक देतात. खुब्याकडून मेंदूकडे दुखण्याचा निरोप नेणाऱ्या ज्या नसा आहेत, त्यांच्याजवळ औषध सोडायचं. निरोपच पोचत नाही. आधी थोड्या वेळाची भूल देऊन पाहायचं. दुखणं थांबलं, तर उगम तिथलाच हे नक्की होतं. मग जास्त टिकणारं औषध."

निरोप न पोचवणं हा विषय मला नवा नव्हता. मी पाणीपुरवठा खात्यात बिलांच्या तक्रारी घेतो.

तर मी रजेचा अर्ज लिहिला: 'उजव्या खुब्यात ब्लॉक घ्यावयाचा असल्याने रजा मिळावी.' अर्ज स्वच्छ होता, खरा होता आणि माझ्या मते शुद्धही होता. त्याचं उत्तर म्हणून रजेऐवजी मेमो आला. 'आपण उजवा खुबा या ठिकाणी ब्लॉक घेत असल्याचे निदर्शनास आले आहे. स्थावर मालमत्ता खरेदीपूर्वी कार्यालयाची परवानगी घेणे बंधनकारक असताना ती का घेतली नाही, याचा खुलासा करावा.'

मी लंगडत आस्थापना विभागात गेलो. तिथल्या बाई कामाला चोख. समोरच्याचं तोंड न बघता त्याचं म्हणणं लिहून घेतात.

"खुबा कुठे आला?" त्यांनी विचारलं.

"कंबरेच्या खाली."

त्यांनी ते लिहिलं. "म्हणजे आपल्या हद्दीबाहेर."

"बाई, तो माझा खुबा आहे."

"तुमचाच? वडिलोपार्जित का?"

"वडिलांचा वेगळा. त्यांचा अजून चांगला आहे."

"मग त्यांच्याच नावावर राहू द्यायचं होतं," बाई म्हणाल्या. "दुसरा कशाला घेताय?"

मी उभा राहून दाखवायला गेलो. उठताना तोंडातून जो आवाज निघाला तो मालमत्ता खरेदी करणाऱ्या माणसाचा नव्हता. बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी ओळख आली, मग दया आली, आणि शेवटी नियम आला. मेमोवर जावक क्रमांक पडला होता, म्हणजे खुलासा लेखीच हवा. मग मी लिहिलं: 'सदर ब्लॉक हा शरीराच्या आत असून त्यात राहण्याची सोय नाही. तो काही तासांत आपोआप नाहीसा होतो.' रजा मंजूर झाली. खाली शेरा होता: 'नाहीसा झाल्याचा दाखला जोडावा.'

एवढ्यात बातमी फुटली होती. खात्यातल्या मंडळींनी नव्या ब्लॉकबद्दल पार्टी मागितली. काकांनी जिन्यात बायकोचं अर्धवट बोलणं ऐकलं आणि माझ्या हृदयात ब्लॉक सापडल्याचं इमारतभर कळवलं. त्यामुळे काही लोक मला बघून हसायचे आणि काही लोक मला बघून आवाज खाली आणायचे. कोण कुठल्या ब्लॉकचं हे ओळखण्यात माझा बराच वेळ जायचा.

ठरल्या दिवशी मेहुण्याने गाडीतून दवाखान्यात नेलं. भूल देणाऱ्या डॉक्टर बाई बारीक अंगाच्या, शांत, घाई नावाची गोष्ट माहीत नसलेल्या. त्यांनी मला उताणं झोपवलं, जांघेजवळ थंडगार जेल लावलं आणि सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. पडद्यावर करड्या रंगाचे ढग हलायला लागले.

"बाळ शोधू नका," बाई म्हणाल्या. "कालचे आजोबा शोधत होते. हा स्नायू आहे, हे हाड, आणि इथे मला जायचंय. हलू नका. टोचेल, मग दाबल्यासारखं वाटेल."

टोचलं. दाबल्यासारखं वाटलं. मी डोळे घट्ट मिटून पुढच्या वेदनेची वाट पाहू लागलो. ती आली नाही. आधीची जी होती तिलाही शोधलं, तर तीही जागेवर नव्हती. इतके महिने ती माझ्याबरोबर उठली होती, जेवली होती, कचेरीत आली होती, आणि आता एकाएकी तिची खोली रिकामी. मी तसाच पडून राहिलो. डोळ्यांतून पाणी कधी आलं कळलं नाही.

"दुखलं का?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "दुखत नाहीये."

"तेच हवं होतं. पण आज उभं राहू नका. औषध थोडं पसरलंय, मांडीतला जोर काही तास जाईल. पाय तुमचा ऐकणार नाही."

पायाने शब्दशः ते पाळलं. तो माझ्याबरोबर गाडीत आला, पण एखाद्या अनोळखी प्रवाशासारखा, खिडकीबाहेर बघत. घरी पोचलो तर लिफ्ट नेहमीसारखी दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेली. मग वाचमनची प्लास्टिकची खुर्ची आणली. मला तिच्यात बसवून मेहुणा आणि शेजारचे लोक वर नेऊ लागले. पुढे बाबा, वळणाच्या सूचना देत. मागे बायको, माझा एक बूट हातात घेऊन. दुसरा कुठे पडला मला कळलं नव्हतं, कारण ज्याला कळायचं तो पायच गैरहजर होता.

"अहो, पाय आपटला भिंतीवर," कुणीतरी म्हणालं.

"कुणाचा?" मी विचारलं.

जिन्याच्या पहिल्या वळणावर काका रडवेल्या चेहऱ्याने उभे होते. "किती निघाले?"

"काय किती निघाले?"

"ब्लॉक."

"एकच."

"एकच ना, मग काळजी नाही. आमच्या साहेबांना तीन होते." आणि त्यांनी माझ्या छातीवर इतक्या हळुवारपणे हात ठेवला की खुलासा करायला मला लाज वाटली.

त्या दुपारी मी उजव्या कुशीवर झोपलो. बायकोने नंतर सांगितलं की ती दारात उभी राहून बघत होती, आणि मेहुणा काहीतरी बोलायला लागला तेव्हा तिने त्याला हाताला धरून बाहेर काढलं.

संध्याकाळी भूल उतरली. आधी पाय परत आला, त्याच्यामागून दुखणं आलं. मी इतका खचलो की भिंतीकडे तोंड करून पडलो. वेदनेची सवय असते तेव्हा माणूस तिला घेऊन जगतो. एकदा ती जाऊन परत आली की अंगात त्राण राहत नाही. बाबा माझ्या पलंगाशी येऊन बसले.

"गेलं होतं ना पूर्ण?"

"गेलं होतं. पण आलं परत."

"म्हणजे जाऊ शकतं," ते म्हणाले आणि माझ्या पायावरची चादर नीट केली.

पुढच्या आठवड्यात दुसरा ब्लॉक झाला. डॉक्टर बाईंनी या वेळी पडद्यावर बराच वेळ जागा शोधली. फक्त सांध्याकडे जाणाऱ्या बारीक फांद्यांपाशी सुई नेली आणि भुलीबरोबर जास्त टिकणारं औषध सोडलं. मांडीतला जोर शाबूत राहिला. मी स्वतःच्या पायांनी, काठी टेकत, बाहेर आलो. मेहुण्याने उचलायची तयारी करून आणलेली खुर्ची त्याला रिकामीच परत न्यावी लागली.

"सांधा दुरुस्त झालेला नाही, हे विसरू नका," बाईंनी बजावलं होतं. "मिळालेला वेळ मांडीत ताकद आणायला वापरा." म्हणून मी व्यायाम शिकवणाऱ्याकडे गेलो, पलंगावर पडून पाय उचलले, आणि रोज बाबांच्या मागे जिना चढू लागलो. औषध मुरायला काही दिवस लागले. एका सकाळी मी वाकलो, पायमोजा घातला आणि तसाच बसून त्याच्याकडे बघत राहिलो. बाबा दारात येऊन थांबले. म्हणाले, "आज तुझे कान एका रेषेत आहेत." इतके दिवस मी एका बाजूला कलून चालतोय हे फक्त त्यांनाच दिसत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी चौकात चांगली गर्दी होती. इमारतीतले सगळे आले होते. त्यातले निम्मे हृदयविकाराचा रोगी मनोरा चढतो ते बघायला आले होते. इंजिनिअरने दार उघडलं. आत गारवा, धूळ आणि तेलाचा वास.

"मी पुढे होऊन रस्ता बघतो," मेहुणा म्हणाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो मोबाइलचा दिवा लावून बोलतच चढू लागला. या पायऱ्या म्हणजे मांडीच्या स्नायूंना उत्तम, श्वास कसा घ्यावा, नजर कुठे ठेवावी. त्याच्यामागे बाबा, आणि मागे मी, एक हात दोराला, दुसरा बाबांच्या पाठीशी.

अर्ध्या वाटेत भिंतीला एक खिडकी आहे. तिला गज नाहीत. मेहुण्याने तिच्यातून खाली पाहिलं आणि त्याचं बोलणं तुटलं. मग दिवा हलायला लागला. मग तो पायरीवर बसला, दोन्ही हातांनी दोर छातीशी धरून.

"थांबला का हा?" बाबांनी विचारलं.

"मला," मेहुणा अगदी लहान आवाजात म्हणाला, "मला खाली बघवत नाही. वरही बघवत नाही."

"मग डोळे मिट आणि बस," बाबा म्हणाले. त्यांनी हाताने चाचपून त्याचं डोकं कुठे आहे, गुडघे कुठे आहेत हे पाहिलं आणि सहज त्याला ओलांडून पलीकडे गेले. आता मी उरलो. जिना इतका अरुंद की बाजूने वाट नाही. ओलांडायचं तर उजवा पाय गुडघ्यात मुडपून थेट त्याच्या खांद्याच्या वर न्यायला हवा. ज्या पायाला महिनाभरापूर्वी पायमोजा घालता येत नव्हता त्याने व्यायामशाळेत जाणारा एक पूर्ण मेहुणा ओलांडायचा होता.

मी दोर धरला, श्वास घेतला आणि पाय उचलला. तो वर गेला. खांद्यावरून गेला, पलीकडच्या पायरीवर टेकला, आणि जांघेतून कसलाही निरोप आला नाही. तिथे बघायला कुणी नव्हतं. मेहुण्याचे डोळे मिटलेले होते. आयुष्यातला माझा एवढा एकच पराक्रम, आणि त्याला साक्षीदार नाही.

वर यंत्राची खोली. पितळी चाकं, जाड तारेला टांगलेलं वजन, आणि माझ्या हाताएवढी लांब किल्ली. बाबांनी अंधारात हात पुढे केला आणि ती पहिल्या झटक्यात त्यांच्या हाती आली. ते फिरवू लागले. कट, कट, कट असा आवाज, आणि खालून वजन वर येऊ लागलं. थोड्या वेळाने त्यांचा हात मंदावला. त्यांनी थांबून चौकटीला कान लावला, मग बाजूला सरकले.

"ये," ते म्हणाले. "पाय रोवून उभा राहा. हाताने नाही फिरवायचं, सगळ्या अंगाने फिरवायचं."

मी दोन्ही पायांवर सारखा भार दिला आणि किल्ली घेतली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. आम्ही दोघांनी मिळून वजन वर आणलं. मग काटा सरकला आणि घंटेचा पहिला ठोका पडला. फळ्या हादरल्या. तो हादरा माझ्या तळपायांतून खुब्यापर्यंत चढला, आणि मी तो घट्ट उभा राहून अंगावर घेतला. बाबा हसत होते. खालून टाळ्या ऐकू येत होत्या, पण आम्हाला घाई नव्हती. भिंतीला टेकून आम्ही बराच वेळ यंत्राचं ऐकत बसलो. मग मी आधी उठलो आणि त्यांना हात दिला.

उतरताना मेहुणा जागेवरच होता. त्याला बसल्या बसल्या, एकेक पायरी घसरवत खाली आणावं लागलं. मी त्याच्या पुढे उलटा उतरत होतो, त्याचे दोन्ही हात धरून, "आता डावा, आता उजवा" असं सांगत. बाहेर उजेडात आल्यावर त्याचा एक हात माझ्या खांद्यावर होता, आणि तो काढायची त्याला आठवण झाली नाही. बायकोने दोघांकडे पाहिलं. भावाला तिने पाण्याची बाटली दिली. मला काहीच दिलं नाही, नुसती माझ्या दंडाला धरून उभी राहिली.

सत्कार झाला, भाषण झालं. मग इंजिनिअर बाबांना बाजूला घेऊन घसा खाकरत म्हणाला, "एक अडचण आहे. मोटर अजून आलेली नाही. टेंडर अडकलंय. कधी येईल सांगता येत नाही. तोवर दर आठवड्याला कुणीतरी किल्ली द्यायला हवी."

"कुणीतरी कशाला?" बाबा म्हणाले. "आम्ही आहोत."

"अहो, आधी डॉक्टर बाईंना विचारा," बायको मला म्हणाली.

मी विचारतो म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी विचारलंही. बाई हसल्या, आठवड्यातून एकदा सावकाश चढायला हरकत नाही म्हणाल्या, आणि ऑपरेशनचा नंबर सोडू नका असंही म्हणाल्या. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या वेळी बाबा चौक ओलांडून निघाले होते आणि मी त्यांच्या बरोबरीने चालत होतो. मागे नाही, बरोबरीने.

"पुढच्या वेळी जरा लवकर निघू," ते म्हणाले. "आज तुझ्या मेहुण्यापायी वेळ गेला."